900 व्हीएच्या इन्व्हर्टरवर फ्रीज जोडू का? आंबेगावच्या ताईंच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

ताई, प्रश्न वाचला. आधी नीट समजून घेतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही पुण्यात आंबेगाव बुद्रुकला 2 बीएचकेमध्ये राहता, गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते ती कधी 4 तासांनी येते कधी 6, घरात 900 व्हीएचा साईन वेव्ह इन्व्हर्टर आहे, त्याला 150 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीच्या साठ्याचं माप) पाणी घालायची ट्यूबलर बॅटरी, ती 3 वर्षं जुनी. तुमचं काम घरून चालतं. आणि सासूबाईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं म्हणून जीव टांगणीला लागतो. दुकानदार म्हणतोय 2 केव्हीएचा, म्हणजे 2000 व्हीएचा घ्या, दोन बॅटऱ्या लावा, फ्रीज मिक्सर सगळं चालेल. तुम्ही विचारताय की आहे त्याच्यावरच फ्रीज जोडला तर चालणार नाही का.

मी 20-22 वर्षं घरगुती वायरिंग आणि इन्व्हर्टरचंच काम करतो, जास्त करून सिंहगड रोड, धायरी, कात्रज या बाजूला. माझं मत आधीच सांगून टाकतो. फ्रीज उचलला जाईल की नाही हे तुमचा फ्रीज कुठला आहे त्यावर आहे, पण उचलला गेला तरी 4-5 तासांसाठी तो जोडायची गरज नाही असं मला वाटतं. तुमची काळजी इन्सुलिनची आहे आणि त्याला बॅटरीपेक्षा स्वस्त आणि जास्त खात्रीचा उपाय आहे. आता का ते सांगतो.

इन्व्हर्टरचं बघताना दोन प्रश्न वेगळे ठेवायचे. हमाल एका वेळी किती ओझं उचलतो हा एक, आणि ते डोक्यावर घेऊन किती लांब चालतो हा दुसरा. उचलणं म्हणजे इन्व्हर्टरचे व्हीए आणि वॅट. चालणं म्हणजे बॅटरी. लोक या दोन्हीची सरमिसळ करतात आणि चुकीच्या वस्तूवर पैसे घालवतात. मिक्सरचं बघा, 600 वॅटचा मिक्सर 3 मिनिटं फिरवला तर बॅटरीतून जातं किती, तर 30 वॅट-तास (वॅट गुणिले तास), म्हणजे जवळजवळ काहीच नाही, पण उचलताना तो इन्व्हर्टरची पूर्ण ताकद मागतो. पंखा त्याच्या उलटा. 75 वॅट, उचलायला फुलासारखा, पण 5 तास फिरला की 375 वॅट-तास खाऊन बसतो. तुमची बॅटरी मिक्सरनी संपणार नाही, पंख्यांनी संपेल.

900 व्हीए म्हणजे 900 वॅट नाही. मागच्या स्टिकरवर वॅट वेगळे लिहिलेले असतात ते बघा, या साईजला बहुतेक 700-750 च्या आसपास असतात. मी कायम त्याच्याही तीन चतुर्थांशच धरतो, म्हणजे तुमच्याकडे सतत चालवायला 500-550 वॅट आहेत असं समजा.

आता बॅटरी. 150 गुणिले 12 म्हणजे 1800 वॅट-तास असा हिशेब दुकानात करून दाखवतात. कागदावर बरोबर आहे, घरात तेवढं मिळत नाही. 150 एएच हा आकडा 20 तासांत हळूहळू बॅटरी रिकामी केली तर मिळणारा आहे, म्हणजे सतत साडेसात अँपिअर ओढून. आपण काढतो 25-30 अँपिअर. जितक्या जोरात ओढाल तितकी ती कमी देते. त्यात इन्व्हर्टर स्वतः 15-20 टक्के खातो. आणि बॅटरी पार तळाला नेऊ नये, तसं वारंवार केलं की आयुष्य लवकर संपतं. हे सगळं वजा करून चांगल्या तब्येतीच्या 150 एएचमधून मी 1000 ते 1100 वॅट-तास धरतो. तुमची 3 वर्षांची आहे, पाणी वेळेवर घातलं असेल तर 800-900 धरा. नसेल घातलं तर निम्मं.

त्यावर तुमचा गुरुवार मांडून बघू. दोन साधे पंखे 150 वॅट, तीन एलईडी ट्यूब 60, राऊटर आणि नेटच्या केबलचा डबा मिळून 15, लॅपटॉप 60. झाले 285. बॅटरीतले 850 भागिले 285. तीन तास. तुमची लाईट जाते 4 ते 6 तास. म्हणजे फ्रीज न जोडताच तुम्ही कमी पडताय ताई, आणि बहुतेक हेच होत असणार की दुपारी एकच्या सुमाराला इन्व्हर्टर ओरडायला लागतो.

आता फक्त पंखे बदलून बघा. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा 28 ते 35 वॅट घेतो. दोन पंखे 65 मध्ये. दिवसा ट्यूब कशाला लागतात, एक ठेवा. 65, 20, 15, 60. झाले 160. तीच बॅटरी आता सव्वापाच तास जाते. एक पंखा साधारण अडीच ते साडेतीन हजारात येतो आणि रोजच्या बिलातही फरक पडतो. 2 केव्हीए आणि दोन बॅटऱ्यांचा खर्च याच्या कितीतरी पट आहे. मी माझ्या गिऱ्हाइकांना गेली काही वर्षं बॅटरी वाढवायच्या आधी पंखे बदलायला सांगतो. माझा त्यात तोटाच आहे कारण पंख्यात मला काही सुटत नाही, पण हिशेब तसाच आहे.

आता फ्रीज. इथे जरा वेळ घेतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच असतो.

फ्रीज चालताना फार घेत नाही. 190 लिटरचा साधा सिंगल डोअर असेल तर कॉम्प्रेसर 100-120 वॅट, आणि तोही सतत चालत नाही, थांबत थांबत चालतो, उन्हाळ्यात निम्मा वेळ धरा. म्हणजे सरासरी 50-60 वॅट. अडचण सुरू होतानाच्या झटक्याची आहे. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर चालू होताना क्षणभर नेहमीच्या 6 ते 8 पट करंट ओढतो. अर्ध्या सेकंदाचा खेळ, पण तेवढ्यात 900 व्हीएचा इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बसतो, विशेषतः पंखे आणि लॅपटॉप आधीच चालू असतील तर. कधी उचलतो, कधी नाही उचलत. आज चाललं म्हणून पुढच्या गुरुवारी चालेल असं नाही.

अजून एक गोष्ट आहे जी बसवणारे सांगत नाहीत. समजा फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असतानाच लाईट गेली. इन्व्हर्टरवर यायला सेकंदाचा छोटासा भाग लागतो, पण तेवढ्यात कॉम्प्रेसर थांबतो, आत गॅसचं प्रेशर तसंच असतं, आणि लगेच सप्लाय आला की तो त्या प्रेशरच्या विरोधात फिरायला बघतो. फिरत नाही. नुसता घुरघुरतो आणि भरमसाठ करंट ओढतो, मग त्याचा ओव्हरलोड प्रोटेक्टर पडतो, थंड झाला की 3-4 मिनिटांनी परत प्रयत्न. हे रोजचं झालं की कॉम्प्रेसर जळतो. म्हणून ज्यांना फ्रीज इन्व्हर्टरवर घ्यायचाच आहे त्यांना मी सांगतो की तो आपोआप जोडलेला नको. त्याला वेगळा स्विच ठेवा, लाईट गेल्यावर निदान 5 मिनिटं जाऊ द्या, मग बाकीचे लोड थोडे कमी करून हातानी चालू करा.

'इन्व्हर्टर फ्रीज' हा वेगळा प्रकार. नावामुळे लोकांना वाटतं की हा इन्व्हर्टरवर चालायलाच बनवलाय. नावाचा अर्थ तो नाही, त्याच्या कॉम्प्रेसरची मोटर कमी-जास्त वेगानी फिरवायचं सर्किट त्याच्या आतच असतं, त्याला इन्व्हर्टर म्हणतात. पण योगायोगानी आपल्याला ते सोयीचं पडतं, कारण असा कॉम्प्रेसर हळू सुरू होतो, झटका नसतो. तुमचा फ्रीज असा असेल तर 900 व्हीएवर आरामात उचलला जाईल. फक्त फ्रॉस्ट फ्री डबल डोअर असेल तर त्यात बर्फ वितळवायचा हीटर असतो, तो मधूनच 150-200 वॅट किंवा थोडं जास्तही घेतो, ते लक्षात ठेवा.

म्हणजे उत्तर असं झालं. जुना कॉम्प्रेसर असेल तर 900 व्हीएवर मी जोडणार नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल तर जोडता येईल. पण सरासरी 50-60 वॅट म्हणजे 5 तासांत 250-300 वॅट-तास गेले, वर आपण पंखे बदलून जेवढं कमावलं त्यातला मोठा वाटा फ्रीजनी खाल्ला.

आणि मिळालं काय? दार न उघडता ठेवलेला फ्रीज साधारण 4 तास आतलं गार ठेवतो. फ्रीझर भरलेला असेल तर तो त्याहून खूप जास्त वेळ टिकतो. बुधवारी रात्री पाण्याच्या दोन-तीन बाटल्या फ्रीझरमध्ये टाका, पूर्ण भरू नका नाहीतर फुगून फुटतात, सकाळी लाईट जायच्या आधी त्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि दाराला हात लावू नका. दूध, कोथिंबीर, जे लागणार ते सकाळीच बाहेर काढून घ्या. 5-6 तास आरामात निघतात. फ्रीज म्हणजे शेवटी बर्फाची पेटीच की, लाईट असताना आतलं गार करून ठेवायचं.

आता इन्सुलिन. हे मी इलेक्ट्रिशियन म्हणून सांगतोय, डॉक्टर म्हणून नाही, पण माझ्या घरीही वडिलांना 9 वर्षं इन्सुलिन होतं त्यामुळे यातून गेलोय. न उघडलेली बाटली किंवा पेन 2 ते 8 अंशात ठेवायची असते. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं साधारण 4 आठवडे बाहेर चालतात, पण खोलीचं तापमान 25-30 च्या आत हवं, आणि एप्रिल-मेमध्ये पुण्यात घरात त्याच्या वर सहज जातं. नेमका आकडा तुमच्या पाकिटातल्या कागदावर असतो, केमिस्टला किंवा डॉक्टरांना एकदा विचारून तो फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवा. वापरातलं पेन घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माठाच्या ओल्या बुडाशी सावलीत ठेवलं तरी बाहेरच्यापेक्षा बरंच गार राहतं. न उघडलेला साठा फ्रीजमध्येच, मधल्या कप्प्यात, कपड्यात गुंडाळून. त्या गोठलेल्या बाटल्यांना मात्र चिकटू द्यायचा नाही. गोठलेलं इन्सुलिन खराब झालं, ते परत वितळलं तरी वापरायचं नाही. गरमीपेक्षा लोक या चुकीनी जास्त इन्सुलिन घालवतात असं मला दिसलंय. साठा जास्त असेल तर आइस पॅकचा छोटा डबा मेडिकलमध्ये मिळतो, तो घेऊन ठेवा.

हे सगळं घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून पेशंटला देणारं मशीन) असेल तर लागू नाही. 5 लिटरचं मशीन 300-350 वॅट सतत घेतं, तुमच्या बॅटरीवर अडीच तास धरा, आणि तिथे भरलेला सिलिंडर घरात हवाच, इन्व्हर्टरच्या भरवशावर माणूस ठेवायचा नाही. असं कोणी वाचत असेल तर त्यांनी वेगळं विचारा.

बाकी वस्तूंचं पटकन सांगतो. जी वस्तू गरम करते ती इन्व्हर्टरवर नाही. गिझर, इस्त्री, इंडक्शन, टोस्टर, किटली, हीटरवालं फ्रंट लोड वॉशिंग मशीन, सगळी 700 ते 3000 वॅटची मंडळी. मायक्रोवेव्हवर 800 लिहिलेलं असलं तरी तो भिंतीतून 1200 च्या पुढे ओढतो. मिक्सर 500 वॅटचा असेल तर बाकी सगळं बंद करून, भांडं अर्धं भरून चालून जाईल, 750 चा असेल तर नको, चटणी सकाळीच वाटून ठेवा. पाण्याचा पंप अर्धा एचपीचा असला तरी सुरू होताना तीन-चार पट मागतो, नको. पुण्यात गुरुवारी कधी कधी पाणी पण बंद असतं, तेव्हा बुधवारी बादल्या भरून ठेवायची सवय बहुतेक घरात आहेच. टीव्ही, वॉटर प्युरिफायर, मोबाईल चार्जर, हे किरकोळ.

घरून कामाचं एक. राऊटर इन्व्हर्टरवर आहे तरी नेट जातं अशी तक्रार मला दर आठवड्याला ऐकू येते. कारण बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये किंवा जिन्यात केबलवाल्याचा जो डबा असतो त्यालाही वीज लागते, आणि त्याचा बॅकअप संपला की तुमचा राऊटर चालू असून उपयोग नाही. तिथे सोसायटीला सांगून तो पॉइंट जनरेटरच्या किंवा कॉमन बॅकअपच्या लाईनवर घ्या. लॅपटॉप सकाळी पूर्ण चार्ज करून ठेवला तर पहिले काही तास तो इन्व्हर्टरवर लावायचीही गरज नाही, तेवढे 60 वॅट वाचले.

वायरिंगबद्दल मी जास्त कडक आहे, माफ करा. इन्व्हर्टरची लाईन वेगळी असावी आणि प्लग पॉइंट त्यावर मोजकेच असावेत, त्यावर खूण केलेली असावी. एका घरी मी गेलो होतो, आधीच्या कारागिरानी हॉलचे सगळे प्लग इन्व्हर्टरवर घेतले होते, मुलीनी इस्त्री लावली आणि इन्व्हर्टरचं कार्डच (आतला सर्किट बोर्ड) गेलं. त्यात मुलीची काय चूक, तिला कसं कळणार कुठला प्लग कुठला. दुसरं, ज्या सर्किटचा फेज इन्व्हर्टरमधून जातो त्याचा न्यूट्रल त्याच आरसीसीबीमधून (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) परत यायला हवा. दुसऱ्याच आरसीसीबीचा न्यूट्रल उचलला तर ती सारखी पडते, मग कोणीतरी वैतागून आरसीसीबीच काढून टाकतो. असं कोणी सुचवलं तर त्याला घरात काम करू देऊ नका, ती तुमचा जीव वाचवायला बसवलेली आहे.

आणि दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून इन्व्हर्टर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायचा प्रकार कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून करू नका. तुमच्या घरातून वीज उलटी लाईनवर जाते. त्या वेळी खांबावर काम करणारा माणूस लाईन बंद आहे या विश्वासावर उभा असतो. मी असा जुगाड धायरीत एका बंगल्यात स्वतः कापून टाकलाय आणि मालक चिडले तरी मागे हटलो नाही.

बॅटरीचं. पाणी 2-3 महिन्यांनी बघा, उन्हाळ्यात दर महिन्याला. फक्त डिस्टिल्ड वॉटर, प्युरिफायरचं पाणी नाही, त्यात क्षार राहतातच. वर जे तरंगते खुंटे असतात ते हिरव्यात हवेत. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून बंद कपाटात किंवा देवघराच्या शेजारी नको, जिथे दिवा-उदबत्ती लागते. कडक उन्हाच्या गॅलरीतही नको, उष्णतेनी आयुष्य झपाट्यानी कमी होतं. टर्मिनलवर पांढरं-हिरवं जमलं असेल तर लाईट आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून, बॅटरीची टोपणं घट्ट आहेत ना बघून, कोमट पाणी आणि खायच्या सोड्यानी साफ करा, कोरडं करून व्हॅसलीन लावा. सोडा आत जाऊ द्यायचा नाही.

मी सगळी बॅटरी गुरुवारी दुपारीच संपवू नका म्हणतो त्यालाही कारण आहे. रिकामी झालेली बॅटरी भरायला 10-12 तास लागतात. मे महिन्यात दुपारी लाईट आली, आणि संध्याकाळी वळीव येऊन कुठे झाडाची फांदी तारांवर पडली की रात्री परत अंधार, आणि तेव्हा बॅटरीत पाव हिस्साच. सासूबाईंना रात्री पंखा लागतो, दुपारचा फ्रीज थांबला तरी चालतो.

2 केव्हीए कोणाला घ्या म्हणेन? ज्यांच्याकडे रोज 3-4 तास जाते, माणसं जास्त आहेत, तीन-चार खोल्या एकदम चालवायच्या आहेत. 2005-06 च्या लोडशेडिंगच्या काळात ग्रामीण भागात तशी गरज खरंच होती. पुण्यात 2006 मध्ये कंपन्यांनी आपले जनरेटर चालवून शहराला त्यातून सोडवलं होतं, 'पुणे मॉडेल' म्हणून ते गाजलं. आज आठवड्यातून एक दिवसासाठी दोन बॅटऱ्या बाळगणं, त्यांना पाणी घालणं, 4-5 वर्षांनी दोन्ही बदलणं, मला पटत नाही. तुमची बॅटरी संपेल तेव्हा लिथियमचा विचार करा, 100 एएचच्या लिथियममधून जवळजवळ सगळं वापरता येतं आणि लवकर भरते, महाग आहे, आणि तुमचा इन्व्हर्टर लिथियमला चालतो का ते आधी बघावं लागेल.

तर थोडक्यात तुम्ही या क्रमानी करा. आधी बॅटरीचं पाणी आणि टर्मिनल. मग झोपायच्या खोलीतला आणि तुम्ही काम करता तिथला, हे दोन पंखे बदला, तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रिकच्या बाजारात चार दुकानं फिरलात तर भाव कळेल. इन्सुलिनची सोय वर सांगितली तशी. फ्रीज जोडायचा नाही.

आणि पुढच्या रविवारी एक करा. सकाळी बॅटरी पूर्ण भरलेली असताना इन्व्हर्टरला जाणारा एमसीबी (बोर्डावरचा खटका) पाडा, गुरुवारी जे चालवता तेवढंच चालू ठेवा आणि वेळ लिहून ठेवा. लो बॅटरीचा आवाज आला की लगेच एमसीबी वर करा, पुढे ताणू नका. किती तास मिळाले ते, आणि फ्रीजच्या मागच्या स्टिकरवर अँपिअर आणि कॉम्प्रेसरचं काय लिहिलंय ते इथे टाका. 3 तासांच्या आत आवाज आला तर बॅटरी लोड टेस्टरवर (लोड टाकून बॅटरी तपासायचं यंत्र) लावून बघावी लागेल, मग पंख्यांवर खर्च करायच्या आधी त्याचं ठरवू.